काशीआक्काची उजळणी

त्या दिशी मारुतीच्या पारावर आम्ही सात जणी व्हतो. नावं सांगते, म्हंजे कोणी ऱ्हायला नगं. मधी काशीआक्का. तिच्या उजव्या अंगाला रखमाबाई पाटलीण, मग तेल्याची चंद्रभागा, सुताराची गंगू, उदगीरकडून आमच्या गावात दिलेली महादेवी जंगमीण, एका कानानं बहिरी गोदामावशी, आन् सगळ्यात कडंला मी, केवळा. माझं वय तवा सतरा-अठरा आसंल. त्या सहा जणी आता न्हाईत. मी तेवढी ऱ्हायले, नव्वदीच्या पल्याड, लातुरात नातवाच्या घरी. नातसून शोभा शाळेत शिकवती, ती हे लिवून घेऊन राहिली.

आठवी बाई त्या दिशी पारावर नव्हती. ती वेशीबाहेर आपल्या घरात बाजेवर पडून व्हती. तिचं नाव धुरपदा. सांगायचं हाय ते तिच्याबद्दलच. पर आक्का सांगितल्याबिगर धुरपदापत्तूर जाता येत न्हाई.

गाव आमचं कंधारपासून चार कोसावर. निजामाचं राज. शाळा म्हणाल तर उर्दूची, ती बी कंधारला. आक्काचा नवरा पंतोजी व्हता, घरच्या ओसरीवर पाच-सात लेकरायला बाराखडी आन् पाढे शिकवायचा. आक्काला एक अक्षर येत नव्हतं. पर भिंतीआडून भाकरी थापता थापता तिचे सगळे पाढे पाठ झाले व्हते. बाजारात कुणाला हिशेब अडला की ती भाजी निवडता निवडता वरच्या वर एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवायची. पंतोजी पोटाच्या दुखण्यानं गेला. लेकरू-बाळ नव्हतं. ओसरी ओस पडली. एक दिस ती म्हणली, लेकरायची उजळणी बंद झाल्यापून मला भाकरीचा ताल सापडंना.

दिसायला काळी, उंच, हाडापेरानं मोठी. चालायची ती ढांगा टाकत. मशेरीचं बोट दातावर सदा. भजनात पुढं तीच बसायची, पर आवाज असा की फुटक्या घागरीत खडे हलवावे. रखमाबाई तिला म्हणायची, आक्का, तुमी निस्ता टाळ धरा. तर टाळ बी चुकायचा. आक्का म्हणायची, "देवाला माझी सवय झाली, तुमाला कामून होत न्हाई?"

सेवा तिनं कशी काढली, तर एका एकादशीला भजन उरकून आम्ही उठलो, आन् कळलं की भजन चालू असताना देवळामागच्या घरात एक म्हातारी पाणी पाणी करून गेली. टाळायच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू गेली न्हाई. आक्का दोन दिस देवळाकडं फिरकली न्हाई. तिसऱ्या दिशी तिनं आम्हाला गोळा केलं. म्हणली, आपण देवाला हाका मारून राहिलो आन् देव मागच्या घरात पाणी मागून राहिला. आजपून भजनाची बाई ती, जी दुखणेकऱ्यापाशी बसंल, बाळंतिणीला पेज देईल, मेलेल्याला न्हाऊ घालंल. जिला जमंल तिनं यावं.

सात जणी आलो. आक्काच्या मनात लई मोठं व्हतं. ह्या सात जणी तयार झाल्या की एकेकीनं एकेका वाडीवर जाऊन तिथल्या बायायला तयार करावं. बुवा नगं, महाराज नगं, बाया पुऱ्या हायत, असं तिचं म्हणणं.

पर निस्तं करून भागत न्हाई, हे बी तीच म्हणायची. केलेल्याची उजळणी पायजे. लेकरं पाढा परत परत कामून म्हणत्यात? कुठं चुकतं ते कळावं म्हून. आपण आपल्या कामाची म्हणायची.

तिची रीत अशी. दुखणेकऱ्याच्या घरून आलं की आधी पारावर. ज्या बाया गावात असतील त्या येऊन बसायच्या. हरेकीच्या मांडीवर सूप. सुपात घरून आणलेली ज्वारी न्हाईतर तूर. तेच धान्य दुखणेकऱ्याला शिजवायचं असायचं. खडे निवडता निवडता बोलायचं, आन् नजर सुपात. बोलणारीच्या तोंडाकडं कुणी बघायचं न्हाई. आक्का म्हणायची, तोंडाकडं बघितलं की माणूस गोड बोलतं. एकदा गंगू लाडात येऊन म्हणली, आक्का, हे खडे म्हंजे आपली पापंच की. आक्का म्हणली, "खडा म्हंजे खडा. दाताखाली आला की दात जातो. निवड."

तीन सवाल असायचे. हात काय करत व्हते? मन कुठं व्हतं? त्या माणसाला काय पायजे व्हतं? बास. कुणी शाबासकी द्यायची न्हाई, कुणी रागवायचं न्हाई. पहिली उजळणी आक्काची सोताची. आन् कुणी म्हणलं की देवानं माझ्याकडून करून घेतलं, तर आक्का सूप खाली ठेवायची. "देवाच्या नावावर खपवू नगं. हात तुझे, तू सांग."

आणखी एक नेम व्हता. तो मला आज बी टोचतो. कुणाच्या बी घरी गेलं की उंबऱ्यावर थांबायचं. आपलं नाव सांगायचं आन् विचारायचं, येऊ का. पाटलाचं घर असू दे न्हाईतर वेशीबाहेरचं खोपटं. आतलं माणूस बेशुद्ध असलं तरी विचारायचं. चंद्रभागा एकदा म्हणली, आक्का, त्याला ऐकू बी येत न्हाई, तो काय उत्तर देणार? आक्का म्हणली, "उत्तर देत न्हाई म्हून त्याचं घर तुझं झालं का?"

रखमाबाईची एक गोष्ट सांगते, म्हंजे आक्का कळंल. चंद्रभागेचा सासरा शेवटाला लागला व्हता. रखमाबाई त्याच्यापाशी बसली. पारावर येऊन सांगाया लागली, मी दिसभर त्याच्या कानात रामाचं नाव घेतलं, त्यालाबी घे म्हणले, पर म्हातारा मान फिरवतो. आक्कानं विचारलं, त्याला काय पायजे व्हतं? रखमाबाई म्हणली, मुक्ती. आक्का ज्वारी निवडत परत म्हणली, त्याला काय पायजे व्हतं? रखमाबाईनं दोन खडे काढून टाकले. मग हळूच म्हणली, चिलीम मागत व्हता मेला. आम्ही सगळ्या सुपात बघून हसलो. दुसऱ्या दिशी पाटलीणबाई, जिनं घरच्या गड्याला चिलमीसाठी कधी चुलीतला इस्तू दिला न्हाई, तिनं आपल्या हातानं चिलीम भरून त्याच्या तोंडाला धरली. म्हाताऱ्यानं दोन झुरके घेतले, थोरल्या लेकाला एक कचकचीत शिवी दिली आन् लई दिसांनी झोपला. रखमाबाई पारावर म्हणली, राम म्हणला न्हाई तो. आक्का म्हणली, झोपला ना?

त्या टायमाला चार माणसं जमली तरी सरकारला संशय यायचा. कुणीतरी कंधारला चुगली केली की गावात बायायचा जलसा भरतो. जमादार आला घोड्यावर. ये क्या चल रहा है, म्हणला. आक्का उठली न्हाई. तिनं एक सूप त्याच्याकडं सरकवलं, म्हणली, बसा जमादारसाब, तूर निवडा, कळंल काय चाललं ते. आम्ही भ्यालो. पर तो खरंच बसला. बंदूक पाराला टेकवली आन् जाड बोटांनी खडे काढाया लागला. त्या दिशी गोदामावशीची पाळी व्हती. सुनेच्या बाळंतपणात आपण तिला तूप कमी वाढलं, असं ती सांगून राहिली व्हती. जमादार ऐकत ऱ्हायला. मूठभर तूर साफ झाली तवा बंदूक उचलून निघाला. वेशीत त्यानं पाटलाला सांगितलं म्हणं, "औरतां बैठ को दाल चुनरे, और कुछ नै." पुढं एकदा तो आला तवा आक्काला म्हणला, माझी अम्मी बी बाजेवर हाय. बास, एवढंच म्हणला. आक्कानं त्याला विचारलं, तिला काय पायजे? तो म्हणला, मालूम नै. आक्का म्हणली, मग घरी जा.

आक्का सोताला बी सोडत नव्हती. एकदा तिनं सांगितलं, काल मुडद्याला न्हाऊ घालत व्हते, हात पाणी घालत व्हते आन् मन म्हणत व्हतं की आटपा लवकर, चुलीवर दूध ठेवलंय. एवढी मोठी बाई, आन् दुधाचं सांगती. मला तवा हसू आलं व्हतं. दूध सांगायला किती बळ लागतं, ते मला लई उशिरा कळलं.

आता माझं.

मी बोलायला हुशार व्हते. माहेरी, चाकूरला, दुसरीपत्तूर शिकलेली. माझ्या ध्यानात आलं की चूक नीट सांगितली की बायायचे हात सुपात थांबतात. सगळ्या ऐकतात. मला त्याची गोडी लागली. मी लहान लहान चुका शोधायला लागले. दुखणेकऱ्याला पाणी देताना मन माहेरी गेलं व्हतं, पेज गार झाली, अशा. खऱ्याच असायच्या, पर निवडून आणलेल्या. एकदा सगळ्या उठून गेल्यावर आक्का मशेरी लावत म्हणली, "केवळे, तुझ्या चुका लई देखण्या असतात व." मला वाटलं, वाखाणून राहिली.

त्या साली श्रावणात पटकीची साथ आली. वेशीबाहेरच्या वस्तीत एक माणूस दगावला. त्या वस्तीला गावातले लोक जातीच्या नावानं हाक मारायचे. शोभा म्हणली, ते नाव नगं लिवायला. न्हाई लिवत. वस्तीतले लोक भिऊन रानात पालं ठोकून ऱ्हायले. धुरपदा तेवढी घरात ऱ्हायली, कारण दोनच दिस आधी ती बाळंत झाली व्हती आन् तिला ताप चढला व्हता, हलवता येईना. नवऱ्याला बिगारीत धरून नेलं व्हतं, कुण्या साहेबाचं सामान मुदखेडपत्तूर डोक्यावर न्यायला. म्हंजे घरात ती आन् तिचं दोन दिसाचं लेकरू.

आक्का त्या सकाळी पटकीच्याच एका घरी व्हती. तिनं सांगावा धाडला, केवळानं धुरपदाकडं पेज घेऊन जावं, आत बसावं, हातानं पाजावं, लेकराला बघावं, मग पारावर यावं.

त्याच दिशी मला न्यायला चाकूरहून माझा भाऊ मुराळी म्हून आला व्हता. पंचमीला माहेरी. लग्नानंतरची माझी पहिली पंचमी. त्यानं बैलाची दमणी वेशीत उभी केली व्हती आन् येताना मला इरकली लुगडं आणलं व्हतं, हिरवं, तांबड्या काठाचं. मी ते नेसून बसले व्हते. सासू म्हणली, जा, पर त्या घरात शिरलीस की लुगड्यासकट अंघोळ करूनच दमणीत बसायचं. ओलं लुगडं पिळून बोचक्यात घालायचं आन् जुनं नेसून माहेरी जायचं.

मी कण्याची पेज गुंडगीत घातली, वर झाकण ठेवलं आन् गेले. वस्तीची वाट चिखलाची. लुगडं वर धरून कडंकडंनं गेले. धुरपदाच्या दारात पोचले. कुडाचं दार अर्धं उघडं. आत अंधार. लेकरू बारीक रडत व्हतं.

मी गुंडगी उंबऱ्याच्या बाहेर ठेवली आन् माघारी आले.

मला भ्या वाटलं, असं मी लई वर्षं सोताला सांगितलं. पटकीचं भ्या कुणाला वाटत न्हाई? पर मला भ्या वाटलं नव्हतं. पटकीच्या घरी मी आदल्याच दिशी जाऊन आले व्हते, जुन्या लुगड्यावर. विटाळ वाटला म्हणाल, तर तो बी थोडा व्हता, न्हाई म्हणत न्हाई. पर खरं सांगते, ते लुगडं व्हतं. लुगड्यापाई मी बाहेर थांबले.

पारावर सगळ्या सूप घेऊन बसल्या व्हत्या. आक्का पटकीच्या घरून न्हाऊन तिथंच आली व्हती, केस ओले. मी कडंला बसले तवर आक्काची सोताची पाळी उरकली व्हती. वेशीतून भावानं दोनदा हाक मारली. आक्कानं विचारलं, हात काय करत व्हते?

मी म्हणले, पेज पाजली. लेकराला मांडीवर घेतलं.

मन कुठं व्हतं?

आन् तिथं मी ते केलं. मी म्हणले, मन लुगड्यात व्हतं आक्का. नवं लुगडं, लेकराला मांडीवर घेताना मन मागं सरलं. मग माझी मलाच लाज वाटली, आन् मी घेतलं.

बायायचे हात सुपात थांबले. महादेवीनं डोळ्याला पदर लावला. खरं तेवढंच उचललं व्हतं मी, आन् त्याच्यावर खोटं उभं केलं व्हतं. जी चूक केली, तीच जिंकून आल्यासारखी सांगितली.

आक्का म्हणली, धुरपदाला काय पायजे व्हतं?

पेज, म्हणले मी. पिली तिनं.

"तुझ्या हातानं?"

"हाव."

"बरं," आक्का म्हणली, आन् तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. मी उठले, घराकडं न जाता तशीच दमणीत बसले. चाकूरला आठ दिस झोके घेतले. लुगडं सगळ्यायनं वाखाणलं.

माघारी आले तवा आमच्या फळीवर गुंडगी पालथी घातलेली, घासून लख्ख. सासूनं सांगितलं, आक्का ठेवून गेली. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी आक्का धुरपदाकडं गेली तर ती गार पडली व्हती. लेकरू तेवढं जितं. पोरगी हाय. धुरपदाच्या भैणीनं मुदखेडला नेली. सासू म्हणली, बरं झालं तू गेली व्हतीस, शेवटाला दोन घोट तरी पोटात गेले तिच्या.

मी गुंडगीकडं बघत ऱ्हायले. आक्कानं ती उंबऱ्याबाहेरून उचलली आसंल, झाकणासकट, आंबलेल्या पेजेसकट. कुणाला न दाखवता धुतली आसंल. आन् माझ्या घरी आणून ठेवली, निरोप न ठेवता.

पुढच्या एकादशीला परत त्याच सात जणी. पहिली पाळी आक्काची. ती म्हणली, "धुरपदाचं सांगते. जिला तिच्याकडं धाडली, तिचा मुराळी वेशीत उभा हाय हे मला ठावं व्हतं. तरी धाडली. माझे हात दुसऱ्या घरात व्हते, मन घाईत व्हतं. धुरपदाला कुणीतरी संगं बसायला पायजे व्हतं. मी जायला पायजे व्हतं. मी गेले न्हाई."

गंगूला राहवलं न्हाई. म्हणली, आक्का, तुमी कामून अंगावर घेता? केवळा गेली व्हती की आत. तिनं काय कमी केलं?

आक्का म्हणली, "उजळणी माझी चालू हाय, गंगू. मधी बोलू नगं."

मग फिरत फिरत पाळी माझ्यावर आली. माझ्या सुपात तूर व्हती. मला आज बी ती दिसती, एक दाणा किडका व्हता आन् मी त्यालाच हलवत ऱ्हायले. सगळ्यायच्या नजरा खाली. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. बोलायला याहून सोपी जागा जगात दुसरी नसंल. मी म्हणले, आज माझं काही न्हाई.

"बरं," आक्का म्हणली.

तिनं मला कधी विचारलं न्हाई. कधी टोमणा मारला न्हाई. उलट पुढच्या साली वाडीवरच्या बायायला तयार करायचं ठरलं तवा तिनं माझं नाव घेतलं. मी म्हणले, मला नगं, रखमाबाईला द्या. आक्का म्हणली, रखमाबाईला चूक सांगता येती, ऐकता येत न्हाई. तुला आता ऐकता येईल. मी गेले वाडीवर. पाच बाया घेऊन बसले. त्या आपल्या चुका सांगायच्या आन् मी सुपात बघून म्हणायची, बरं.

पुढं रझाकारीची धामधूम सुरू झाली. गावंच्या गावं उठून सरहद्दीपल्याड जाऊन राहिली. आमच्या बी गाड्या भरल्या. आक्का आली न्हाई. चालता न येणारी तीन माणसं गावात व्हती, एक पाटलाचा चुलता आन् दोन म्हाताऱ्या वस्तीतल्या. ती म्हणली, ह्यांचं झालं की येते. मी तिच्या ओसरीवर गेले. कुणी नव्हतं. मी खाली बघून म्हणले, आक्का, धुरपदाचं एक सांगायचं हाय.

ती भाकरी बांधून राहिली व्हती. हात थांबले न्हाईत. म्हणली, "मला नगं सांगू. मला त्याच दिशी ठावं झालं व्हतं. वस्तीच्या घरात बसून आलेल्या बाईच्या लुगड्याला श्रावणात एक ठिपका नसतो व्हय? मी बघितलं आन् विचारलं न्हाई. तवाच विचारलं असतं आन् उठून गेले असते, तर काय झालं असतं, ते मी रोज उजळते. ते माझं. तुझं हाय ते जिचं हाय तिला सांग."

मी म्हणले, ती तर गेली.

"तिची लेक हाय," आक्का म्हणली आन् भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं.

आमची गाडी वेशीबाहेर पडली. वस्तीवरून जाताना मी मागं बघितलं. वस्तीतल्या शेवटच्या घराच्या दारात आक्का उभी व्हती. एक हात दाराला, मान वाकलेली. गाव रिकामं, कुत्रं बी न्हाई, आतली म्हातारी ठार बहिरी. तरी आक्का उंबऱ्यावर थांबली व्हती. ऐकू आलं न्हाई, पर मला कळलं ती काय म्हणून राहिली ते. मी काशी, येऊ का. मग थोडी वाट बघून ती वाकून आत गेली. ती मला दिसली ते शेवटचं. आम्ही परत आलो तवा ती नव्हती. तापानं गेली म्हणले. तिला न्हाऊ कुणी घातलं, ते कुणालाच सांगता आलं न्हाई.

धुरपदाच्या लेकीचं नाव सुंदर. मावशीनं वाढवली. जाणती झाल्यावर ती मला हुडकत आली. तिला गावच्या बायायनं सांगितलं व्हतं की तुझ्या मायच्या शेवटच्या दिशी केवळाबाई आत गेली, पेज पाजली, तुला मांडीवर घेतलं. ती माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले न्हाईत. नवरा गेल्यावर लेकाबरूबर मी लातूरला आले, इथं बी बाया जमवल्या, उजळणी चालवली, चाळीस वर्षं. सुंदर माझ्यापाशी बसून शिकली. माझ्याहून चांगली निघाली. नांदेडला तिच्या बाया हायत, दवाखान्यात बेवारशी दुखणेकऱ्यांपाशी बसतात. दर श्रावणात ती मला मुगाच्या शेंगा घेऊन यायची. म्हणायची, तुमच्या हातचा शेवटचा घास माझ्या मायला. मी शेंगा घ्यायची. सोलून खायची.

एकदा तिनं विचारलं, केवळामाय, माझी माय काही बोलली का व?

मी म्हणले, न्हाई. शांत पडून व्हती.

हे दुसरं खोटं. धुरपदा बोलली व्हती. मी गुंडगी खाली ठेवताना झाकण वाजलं, आन् आतून आवाज आला, "कोण हाय? आत या माय." मी म्हणले, ठेवलंय गं, घे. आन् लुगडं वर धरून निघाले. नाव सांगितलं न्हाई. नाव सांगितलं असतं तर आत जावं लागलं असतं.

सुंदरच्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरलाय. तिचं येणं बंद झालं, माझं जाणं बंद झालं. तोंडावर सांगणं मला इतकी वर्षं झालं न्हाई, ते आता काय होणार.

म्हून जिच्या हातात हे पडंल तिला माझं एवढंच मागणं हाय. नांदेडला सुंदरच्या उजळणीला जा. सूप मांडीवर घेऊन बस, आन् हे तिला वाचून दाखव. वाचताना तिच्या तोंडाकडं बघू नगं. सगळं वाचणं झालं न्हाई, तर एवढंच वाच: सुंदर, तुझी माय बोलली व्हती. कोण हाय, असं तिनं विचारलं व्हतं. उंबऱ्याबाहेर केवळा व्हती.